जाच होतोय, पण जायचं कुठं? मराठवाड्यातल्या बायांसाठी पायरी-पायरीनं

आमच्या ओसरीवर तीन वेळा बैठक झाली. तिन्ही वेळेस सतरंज्या अंथरल्या, पाहुण्यांना माझ्याच हातचा चहा दिला आणि मी दाराआड उभी राहून ऐकत राहिले. तिसऱ्या बैठकीत बाँडवर लिहून झालं, 'यापुढे मुलीला त्रास देणार नाही, नीट नांदवू.' नवऱ्यानं सही केली, सासऱ्यानं अंगठा लावला आणि मध्यस्थानं तो बाँड घडी करून स्वतःच्या खिशात घातला. अठरा दिवसांनी माझा डावा हात मोडला. ठाण्यात गेलो तर पहिलाच प्रश्न आला, "याच्या आधी कधी तक्रार दिलीय का?" चार वर्षांचा जाच, तीन बैठका, दहाबारा माणसं साक्षीला, आणि माझ्या हातात दाखवायला एक कागद नव्हता.

मी बीड जिल्ह्यातली. त्यानंतरची दोन वर्षं मी ठाणं, दवाखाना, तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या चढले, आणि आता ओळखीतल्या, गल्लीतल्या बायांसोबत जाते. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. कागदावर आलं की त्याला वजन येतं, आणि ते कागदावर आणायला बापाची, भावाची, सरपंचाची, कुणाचीच परवानगी लागत नाही. हे मला कुणी पहिल्या बैठकीआधी सांगितलं असतं तर माझा हात धड राहिला असता. म्हणून सगळं क्रमानं लिहितेय.

आत्ता या घडीला जिवावर बेतलं असेल तर पुढचं वाचत बसू नका. ११२ लावा. बोलता येत नसेल तर शेजारणीला लावायला सांगा. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे, लेकरांसाठी १०९८. हे नंबर फुकट लागतात.

१. हा जाचच आहे, हे आधी ओळखा

'नवऱ्यानं एखादी चापट मारली तर काय झालं' हे ऐकतच आपण मोठ्या झालो. कायदा तसं मानत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम हा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ठाण्यात आणि कोर्टात सगळे त्याला 'डीव्ही' म्हणतात. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असा चारही तऱ्हेचा छळ धरला आहे.

आर्थिक छळ आपल्याकडं कुणी छळात मोजतच नाही, म्हणून तो नीट सांगते. तुम्ही खुरपायला जाता, मजुरी मात्र तो घेतो. 'लाडकी बहीण'चे दीड हजार खात्यात आले की एटीएम कार्ड त्याच्याकडं. तुमचं सोनं तुम्हाला न विचारता गहाण पडतं. सासू ज्वारीच्या कोठीला कुलूप लावते आणि लेकरांपुरतं मोजून देते. 'बोअर मारायचाय, माहेराहून पैसे आण' म्हणून महिना-महिना माहेरी आणून सोडतात. हे सगळं या कायद्यात बसतं. मुलीच झाल्या म्हणून टोमणे, माहेरी फोन करू न देणं, सगळ्यांसमोर चारित्र्यावर बोलणं, दुसरी आणायची धमकी, हेही बसतं.

नको म्हणत असताना अंगावर जबरदस्ती होत असेल तर तेही सांगा. सज्ञान बायकोच्या बाबतीत फौजदारी कायदा त्याला अजून बलात्कार म्हणत नाही, पण डीव्हीमध्ये तो लैंगिक छळ आहे आणि त्यावर आदेश मिळतो. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर मात्र लग्न झालेलं असो-नसो, तो गुन्हाच आहे. आपल्या भागात अजून शाळेतून काढून मुलींची लग्नं लावतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. त्यानं एकदा जरी गळा दाबला असेल, तर पुढच्या वेळी जीव जाण्याचा धोका खूप वाढलेला असतो. गळ्यावर वळ दिसेलच असं नाही. आवाज बसला, गिळताना दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि 'गळा दाबला' हेच शब्द सांगा.

हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. मुलगा मारतो ती आई, भाऊ छळतो ती बहीण, दीर घराबाहेर काढतो ती विधवा भावजय, लग्न न करता नवरा-बायकोसारखी सोबत राहणारी बाई, सगळ्यांना लागू आहे. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन असा भेद त्यात नाही. आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं 'सज्ञान पुरुष' हे शब्द काढून टाकल्यापासून सासू, नणंद, जाऊ यांच्याविरुद्धही थेट अर्ज करता येतो.

२. वही आणि पिशवी

आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई आहे. ब्लाऊजची मापं लिहायच्या वहीत मागच्या पानांवर ती तारखा लिहायची. 'छाती ३४, कंबर ३०' याच्या पाठीमागं, 'सोमवार, भाजीत मीठ जास्त, तवा फेकला, उजवा खांदा.' घरात ती वही कुणी उघडत नव्हतं. दीड वर्षानं तीच वही वकिलांनी पान-पान लावून अर्जात उतरवली. तुम्हीही लिहा. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, कुठं लागलं. दोन ओळी पुरतात. लिहिता येत नसेल तर बहिणीला फोनवर सांगा, ती लिहील.

पिशवी घरात ठेवू नका. माझी पीठगिरणीवाल्या मावशींकडं होती. दळण टाकायला जाताना एकेक कागद नेऊन ठेवला. तिच्यात हे असू द्या:

- तुमचं आणि लेकरांचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक
- लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो
- लेकरांचे जन्मदाखले, शाळेतला बोनाफाईड
- लग्नात ठरलेल्या देण्याघेण्याची याद, सोन्याच्या आणि भांड्याकुंड्याच्या पावत्या
- दवाखान्याचे जुने केसपेपर, एक्स-रे
- त्याच्या कमाईचा काहीतरी पुरावा (पुढं सांगते)
- रोजच्या गोळ्या, थोडे पैसे, एक जोडी कपडे

मूळ कागद हाती लागत नसतील तर फोटो काढून माहेरी पाठवा आणि आपल्या फोनमधून काढून टाका.

फोनचंही बघा. व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तिथं अनोळखी काही जोडलेलं दिसलं तर तुमचे सगळे मेसेज तो वाचतोय. बँकेला आणि आधारला त्याचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपी त्याच्याकडं जातो, म्हणून आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर लावून घ्या. धमकीचं रेकॉर्डिंग ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, रिसेट करू नका. कोर्टात त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ फोन लागतो.

३. आधी दवाखाना, आणि तिथं खरं बोला

मघाशी म्हणाले की माझ्याकडं एकही कागद नव्हता. खरं तर एक होता आणि तो उलटा होता. मार खाऊन आधी एकदा मी ग्रामीण रुग्णालयात गेले होते. सासू शेजारी उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हणाले, म्हशीनं ढुसणी मारली. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. दोन वर्षांनी समोरच्या वकिलानं तो कागद कोर्टात वर धरला आणि मला विचारलं, "मग बाई, म्हैस खोटी की तुम्ही?"

म्हणून सरकारी दवाखान्यात जा. ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, संभाजीनगरला घाटी, जे जवळ असेल ते. डॉक्टरांना सांगा की मला एकटीशी बोलायचंय. कुणी मारलं, कशानं मारलं, कधी, हे सांगा आणि 'एमएलसी करा' असं स्पष्ट म्हणा. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी नोंद. प्रत्येक वळ, प्रत्येक जखम दाखवा, जुनीसुद्धा. लाजेनं पाठीवरचं दाखवलं नाही तर ते कागदावर येत नाही. केसपेपर आणि जखमेचा दाखला यांची प्रत मागून घ्या. 'आधी पोलिसांचं पत्र आणा' म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. डीव्ही कायद्यानुसार पीडित बाईला उपचार देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वळ जास्त काळेनिळे दिसतात, तेव्हा पुन्हा फोटो काढा.

४. पोलीस ठाणं: एनसी आणि एफआयआर यातला फरक

सगळ्यात जास्त बाया इथंच फसतात.

ठाण्यात गेलं की अंमलदार विचारतो, "काय झालं?" आपण सांगतो, "काल रात्री मारलं." तो एका कागदावर उतरवून घेतो, सही घेतो, एक प्रत देतो. आपण घरी येऊन सांगतो, केस केली. ती केस नसते. ती एनसी असते, म्हणजे अदखलपात्र नोंद. कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपासही करत नाहीत. एनसी अगदीच वाया जात नाही, पुढं पुरावा म्हणून चालते. पण तिच्यानं नवऱ्याच्या दारात पोलीस जात नाही.

यात चूक अर्धी आपल्या सांगण्यातली असते. नुसती काल रात्रीची चापट सांगितली तर ती साधी मारहाण होते. लग्न कधी झालं, पहिला त्रास कधी, कशाची मागणी केली, कितीदा माहेरी आणून सोडलं, कोण-कोण सामील, शेवटचं कधी मारलं, हे सलग सांगितलं तर तो नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणारा छळ ठरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ त्यालाच आहे. १ जुलै २०२४ च्या आधी त्याला ४९८-अ म्हणायचे आणि लोक अजून तेच म्हणतात. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाची परवानगी न घेता पोलीस तपास करू शकतात, आणि त्याची जी नोंद होते ती एफआयआर. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून घरूनच दोन पानी तक्रार लिहून न्या. दोन प्रती करा. एक द्या, दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्क्याशिवाय परत फिरू नका.

एफआयआर झाली की तिची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. 'हे आमच्या हद्दीत येत नाही, सासरच्या ठाण्यात जा' म्हणाले तर सांगा, झिरो एफआयआर घ्या, म्हणजे हद्द कुणाचीही असो, इथंच नोंदवा. शिवाय मार खाऊन माहेरी आलेली बाई माहेरच्या ठाण्यातही छळाची तक्रार देऊ शकते, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये दिला आहे. तरीही घेतलीच नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. तिथूनही काही झालं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं जाता येतं.

नवरा-बायकोच्या प्रकरणात पोलीस बहुतेक वेळा आधी महिला तक्रार निवारण कक्षाकडं किंवा भरोसा सेलकडं पाठवतात. तिथं दोन्हीकडच्यांना तारखा देऊन समजावतात. जा, बोला. काही ठिकाणी फार चांगल्या ताई भेटतात. पण प्रत्येक तारखेला काय ठरलं ते लिहून घ्या, आणि तारखांवर तारखा जात असतील तर डीव्हीचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका. छळाच्या फौजदारी तक्रारीला शेवटच्या घटनेपासून तीन वर्षांची मुदत आहे. 'मिटेल, मिटेल' म्हणण्यात ती निघून जाते.

हुंडा दिला हे सांगायला बाया घाबरतात, कारण हुंडा देणंही गुन्हा आहे असं कुणीतरी कानात सांगितलेलं असतं. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यातच लिहिलंय की पीडितेनं दिलेल्या जबाबावरून तिच्यावर त्या कायद्याखाली खटला होत नाही. तेव्हा खरा आकडा सांगा. न दिलेलं घालू नका. एक खोटा तोळा घातला की बाकीचे खरे पाच तोळेही खोटे वाटायला लागतात.

५. संरक्षण अधिकारी: हा माणूस कुणी सांगतच नाही

मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, बैठकीत तर नाहीच. कोर्टाबाहेर झाडाखाली बसलेल्या एका अनोळखी बाईनं सांगितलं. महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी नेमलेला असतो. त्यांचं ऑफिस कुठं आहे ते जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं किंवा १८१ वर विचारा. अंगणवाडीताईलाही बऱ्याचदा माहीत असतं.

त्यांच्यापुढं बसून सगळं सांगायचं. ते 'कौटुंबिक घटना अहवाल' भरतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडं पाठवतात. पैसे लागत नाहीत. सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. माझ्या अहवालात मोठ्या मुलीचं नावच राहिलं होतं.

जिथं तुम्ही आत्ता राहताय, मग माहेरी का असेना, तिथल्या तालुक्याच्या कोर्टात हा अर्ज चालतो. सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. मागता काय येतं ते नीट समजून घ्या, कारण अर्जात मागितलं नाही ते सहसा मिळत नाही:

- मारहाण, धमक्या, माहेरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊन तमाशा करणं थांबवा, असा संरक्षण आदेश
- घरात राहण्याचा हक्क, किंवा वेगळी खोली घेतली तर भाडं
- तुमचा आणि लेकरांचा महिन्याचा खर्च, दवाखान्याचा खर्च
- लेकरांचा तात्पुरता ताबा
- स्त्रीधन परत आणि झालेल्या त्रासाची भरपाई

'घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध' हे वाक्य प्रत्येकीला ऐकावं लागतं. तुम्ही तिथं संसार केला असेल तर सासऱ्याच्या नावावरचं घरही सामाईक घर धरता येतं, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय. घराची मालकी मिळत नाही, पण कायद्याचा आदेश नसताना तुम्हाला उचलून बाहेर काढता येत नाही.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तसं होत नाही, मनाची तयारी ठेवा. माझ्या निकालाला चौदा महिने लागले. म्हणून अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज लावा. प्रकरण गंभीर वाटलं तर समोरचा हजर नसतानाही कोर्ट असा आदेश देऊ शकतं.

आता त्याच्या कमाईचा पुरावा. तारखेला तो फाटका शर्ट घालून येतो आणि म्हणतो, 'मी बेरोजगार.' गट नंबर माहीत असला की सातबारा आणि आठ-अ तलाठ्याकडं किंवा ऑनलाइन निघतो. कारखान्याला ऊस जात असेल तर ऊसबिल, अडतीवर सोयाबीन-कापूस घातल्याच्या पट्ट्या, ट्रॅक्टरवर त्याचं नाव, दुकानाचा फलक, जे हाताला लागेल त्याचा फोटो. दोघांनाही कमाई आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यानं लपवलं तर हे कागद बोलतात. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरावी असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ठरवून दिलंय, तेव्हा अर्ज लवकर केलेला बरा.

६. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका

बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पिवळं रेशनकार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साधा अर्ज आणि आधारची झेरॉक्स द्या. फोन १५१००. नेमून दिलेला वकील वरून पैसे मागत असेल तर त्याच कार्यालयात लेखी सांगा आणि वकील बदलून मागा.

७. रात्री निघालात तर राहायचं कुठं

माहेरचं दार उघडेलच असं नाही. माझ्या आईनं उघडलं, पण वडील चार दिवस बोलले नाहीत. ज्यांचं उघडत नाही त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. केंद्र सरकारची ही योजना २०१५ पासून चालू आहे. तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन यांची एका जागी मदत मिळते. पुढं जास्त दिवस राहायचं असेल तर तिथूनच शक्ती सदनासारख्या निवाऱ्यात पाठवतात. १८१ वर फोन केला की जवळचं सेंटर कळतं. मोठा मुलगा सोबत असेल तर तो सोबत राहू शकेल का हे आधीच विचारा.

लेकरांना मागं ठेवून निघू नका. 'सकाळी येऊन नेते' म्हणून निघालेल्या दोघीजणी मला माहीत आहेत. लेकरांचं तोंड बघायला त्यांना कोर्टात जावं लागलं.

झोप उडते, हातपाय थरथरतात, विहिरीकडं पाय वळतो. असं झालं तर १४४१६ लावा. ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी टेली-मानस सेवा आहे, मराठीत बोलतात.

८. बैठक, बाँड आणि फारकत

मी बैठकीला जाऊच नका म्हणत नाही. गावात राहायचं तर चार माणसांचं ऐकावं लागतं. पण बैठकीच्या आधी तक्रारीची पोच हातात असू द्या. बैठकीत काय लिहिलं त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच वेळी घ्या, निदान मोबाइलमध्ये फोटो काढा. कोऱ्या बाँडवर सही-अंगठा कधीच नाही. 'सगळं मिळालं, आता काही तक्रार नाही' अशा ओळीखाली सही करण्याआधी सगळं खरंच मिळालंय का ते मोजा.

बाँडवर लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट, असं आपल्याकडं सर्रास समजतात. हिंदू विवाह कोर्टाच्या हुकुमाशिवाय सहसा मोडत नाही. अशी 'फारकत' घेऊन दुसरं लग्न लावणारा नवरा अडचणीत येतो आणि तुम्हीही येऊ शकता. मुस्लिम बहिणींसाठी, एका दमात तीनदा तलाक म्हटला, चिठ्ठीवर लिहिला की व्हॉट्सअॅपवर पाठवला, तरी २०१९ च्या कायद्यानं तो रद्दबातल आहे आणि गुन्हा आहे.

पोलिसात गेलात म्हणून जातपंचांनी घराला वाळीत टाकलं तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

शेजाऱ्यांना, भावकीला एक सांगते. रात्री भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा 'त्यांच्या घरचं भांडण' म्हणून टीव्ही मोठा करू नका. छळाची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीसाठी कुणाला जबाबदार धरता येत नाही, हे डीव्हीच्या कलम ४ मध्येच लिहिलंय.

९. ऊसतोडीवर असाल तर

दिवाळीच्या पुढंमागं गाड्या निघतात आणि पाच-सहा महिने बाई कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, परक्या मुलखात. तिथं ना माहेर, ना ओळखीचं ठाणं. उचल, म्हणजे मुकादमानं आगाऊ दिलेली रक्कम, नवऱ्याच्या नावावर, आणि कोयता म्हणजे दोघं; म्हणून मुकादम म्हणतो, 'तू गेलीस तर कोयता मोडला, आधी पैसे फेड.' उचलीपायी बाईला अडवून ठेवायचा हक्क ना मुकादमाला आहे ना नवऱ्याला. कारखान्याजवळच्या ठाण्यात जा. झिरो एफआयआर तिथंही होते, पुढं कागद आपल्या ठाण्यात येतात. डीव्हीचा अर्जही जिथं तात्पुरत्या राहताय तिथं चालतो. निघण्याआधीच गावातल्या एखाद्या विश्वासाच्या बाईला कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर आणि टोळी कुठं उतरणार ते सांगून ठेवा. आधारकार्ड मुकादमाकडं देऊ नका, झेरॉक्स द्या.

१०. तारखा आणि आदेशानंतर

तारखेला गैरहजर राहू नका. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा भार हलका झालाय. प्रत्येक तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कोणती, ते वहीत लिहा. पोटगी मिळत नसेल आणि घटस्फोट झालेला किंवा चालू असेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं विचारा. महिना दीड हजार मिळतात.

संरक्षण आदेश मोडणं हा वेगळा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि तिच्या झेरॉक्स काढा. एक तुमच्या ठाण्यात पोच घेऊन द्या, एक माहेरी, एक लेकरांच्या शाळेत, एक कायम पर्समध्ये.

पर्समधली मला एकदाच लागली. आदेशानंतर तिसऱ्या महिन्यात बसस्टँडवर तो आला आणि धाकटीचा हात धरून ओढायला लागला. पूर्वीसारखीच माणसं गोळा झाली, पूर्वीसारखंच कुणीतरी म्हणालं, "घरचं मॅटर हाय, जाऊ द्या." मी पोरीचा दुसरा हात सोडला नाही. चौकीतला हवालदार आला तेव्हा पर्समधून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्या-उभ्या पहिलं पान वाचलं, मागचा शिक्का बघितला, आणि मला काही न विचारता त्याला म्हणाला, "पोरीचा हात सोड आधी." मग चौकीत बसवून त्यानं सगळं लिहून घेतलं. उठताना मी त्याची प्रत मागितली आणि ती मिळेपर्यंत बाकावरच बसून राहिले.